ठसे, शाई आणि हाताने केलेली भेटकार्डं : संक्रांतीच्या तयारीचा धागा

मोगरकळी

संक्रांतीला तिळगुळाच्या पुडीबरोबर हाताने केलेलं कार्ड पाठवणारे इथे बरेच जण आहेत. क्रोशा, भरतकाम, रांगोळी ह्यांचे धागे छान चालतात, पण ठसे आणि शाईने कार्डं करण्याबद्दलची माहिती इथे सुटी सुटी विखुरलेली आहे. ती एका ठिकाणी यावी म्हणून हा धागा काढते आहे. आपापले अनुभव, युक्त्या, फोटो सगळं इथेच टाका.

माझं मत आधीच सांगते. ह्या छंदात पहिला पैसा शाई आणि कागदावर घालायचा, ठसे नंतर. ठसे घेण्याचा मोह पडतो, कारण दुकानात डोळ्यांत भरतात ते तेच. पाकिटभर फुलं-पानं-पक्षी घरी येतात आणि मग ते सगळे घरातल्या जांभळ्या स्टॅम्पपॅडवर उठवले जातात. ती ऑफिसची शाई पॅडवर वाळू नये अशीच बनवलेली असते, तिच्यात ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात. साध्या पावतीच्या कागदात ती चटकन मुरते. गुळगुळीत कार्डावर मात्र कितीतरी वेळ ओली राहते, आणि वरून पाण्याचा ब्रश फिरवला की चित्रभर जांभळे ओघळ येतात.

कार्डांसाठीच्या शाईच्या मुख्य जाती दोन. डाय शाईतला रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत शिरतो, लवकर वाळतो, रेघ हलकी आणि पारदर्शक येते, आणि उन्हात ठेवलं तर काळाने फिकट होतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वर बसतात, म्हणून रंग दाट दिसतो, टिकतो जास्त, पण वाळायला वेळ घेतो. चकचकीत कागदावर किंवा ट्रेसिंग पेपरवर पिगमेंट शाई नुसती हवेने वाळतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता खरा प्रश्न असतो तो ठसा उठवल्यावर पुढे काय करणार हा. अल्कोहोल मार्करने रंगवायचं असेल तर मेमेंटोसारखी डाय शाई, कारण मार्करमधल्या अल्कोहोलने तिची काळी रेघ हलत नाही. वॉटरकलरने रंगवायचं असेल तर पाण्याला दाद न देणारी शाई हवी: आर्काइव्हल किंवा व्हर्साफाइन, तीही पूर्ण वाळू देऊन. ह्या दोघींची अदलाबदल केली की चित्र खराब होतं. आर्काइव्हलवर अल्कोहोल मार्कर फिरवला तर रेघ पसरू शकते आणि मेमेंटोवर पाणी फिरवलं तर करडा डाग पडतो. काच, धातू, प्लॅस्टिक असल्या न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी स्टेझऑन ही सॉल्व्हंटची शाई असते. कागदी कार्डांना तिची गरज सहसा पडत नाही. मी नवीन माणसाला एकच पॅड घ्यायला सांगेन: काळा मेमेंटो किंवा काळा व्हर्साफाइन, तुमच्याकडे घरात रंग कुठले आहेत ते पाहून.

कागदाचं थोडक्यात. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), वरचे थर १२० च्या आसपास चालतात. ए-४ कागद मधोमध आडवा कापला की दोन ए-५ तुकडे होतात, प्रत्येकाची घडी घातली की ए-६ आकाराचं कार्ड, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्याला सी-६ पाकीट नीट बसतं. जाड कागदाला दाणा असतो, म्हणजे तंतूंची दिशा. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या दिशेने घडी घातली तर कडा फुटत नाही. घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. दाबलेल्या रेघेचा खड्डा बाहेरच्या बाजूला आणि मागे आलेला उंचवटा घडीच्या आत राहील अशी घडी घाला. अनेक जण बरोबर उलटं करतात, आणि मग तीनशेच्या कागदाला मधोमध पांढरी चीर पडते.

माझी अडचण वेगळीच आहे. चित्रांचे ठसे हवे तितके मिळतात, पण मराठी मजकुराचे? 'हॅपी बर्थडे' आणि 'थँक यू' पोत्याने आहेत. 'तिळगूळ घ्या गोड गोड बोला', 'शुभ दीपावली', 'बारशाचं आमंत्रण', 'सप्रेम नमस्कार' असं हवं असेल तर काय करता? मी आत्तापर्यंत हाताने लिहिते, पण तीस-चाळीस कार्डं एकसारखी हवी असतील तर हात दुखून येतो. ज्यांनी मराठी ठसे केलेत त्यांनी सविस्तर लिहा.


शाईदौत

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. शाईबद्दल एक भर. डिस्ट्रेस शाई म्हणून जी मिळते ती मुद्दाम पाण्याला प्रतिसाद देणारी डाय शाई आहे. ठसा उठवण्यापेक्षा पार्श्वभूमी रंगवायला ती जास्त चांगली. तिचीच बहीण डिस्ट्रेस ऑक्साइड ही डाय आणि पिगमेंट ह्यांचं मिश्रण आहे. पाण्याचे थेंब शिंपडले की त्यावर खडूसारखे धुरकट डाग उमटतात. संक्रांतीच्या कार्डाला पहाटेचं धुकं दाखवायला मी तेच वापरते. आधी पिवळा, मग नारिंगी, वर थोडा निळा. पिवळा आणि जांभळा मात्र एकमेकांवर आणू नका, मातकट तपकिरी होतो. मध्ये नारिंगी किंवा गुलाबी पट्टा ठेवायचा.

ब्रश किंवा स्पंज कागदाच्या बाहेर टेकवून, गोल गोल फिरवत आत यायचं. थेट कागदावर टेकवला तर तिथे गडद ठिपका बसतो आणि तो नंतर निघत नाही.


नवशिकी

मोगरकळी ताई, खूप धन्यवाद. मी आत्ताच ऑनलाइन पारदर्शक ठसे मागवले. उठवल्यावर शाईचे थेंब थेंब दिसतात, सलग रंग येतच नाही. ठसे खराब आहेत का?


मोगरकळी

@नवशिकी, ठसे बहुधा चांगले आहेत, नवे आहेत एवढंच. फोटोपॉलिमरच्या, म्हणजे तुझ्यासारख्या पारदर्शक ठशांच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, नव्या ठशाचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो आणि शाई त्यावर थेंब धरते. साधा पांढरा खोडरबर ठशावर हलक्या हाताने फिरव, धूळ पुसून काढ आणि एक-दोनदा रफ कागदावर उठव. मग शाई नीट बसते.

आणखी दोन गोष्टी. ठसा पॅडवर दाबू नकोस. ठसा उताणा धरून त्यावर पॅड हलकेच थापट, म्हणजे शाई कुठे लागली आणि कुठे नाही ते डोळ्यांना दिसतं आणि ठशाच्या कडेच्या पट्टीला शाई लागत नाही. आणि पारदर्शक ठशाला खालून थोडी मऊ बैठक लागते. जुना माऊसपॅड किंवा पाच-सहा वर्तमानपत्रांची घडी कार्डाखाली ठेव. टेबल कडक असेल तर मधला भाग उठत नाही.


कलाशिक्षक_कोकण

मराठी मजकुरासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समाधान देणारा मार्ग म्हणजे खोडरबर कोरणे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. ठसेकाम आपल्याकडे लहानपणापासून असतंच: भेंडी, कांदा, कारलं, केळीच्या पानाचा देठ. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतंच मिळतं. मुलांबरोबर कार्डं करणार असाल तर तिथूनच सुरुवात करा, पण कापलेली भाजी आधी फडक्यावर टिपून घ्या. तिचा चीक आणि पाणी पोस्टर रंगात मिसळलं की ठसा पसरतो. रंगही ब्रशने लावू नका. स्पंजचा तुकडा पोस्टर रंगात भिजवून बशीत ठेवा, तोच पॅड.

अक्षरांसाठी खोडरबर. मऊ, पांढरा, मोठ्या आकाराचा घ्यावा. ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलने शब्द सरळ लिहा. कागद पालथा घालून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा. ग्रॅफाइट उतरतं आणि अक्षरं आपोआप उलटी येतात, म्हणजे छापताना सुलटी येणार. इथे आरशातलं लिहायची कसरत करावी लागत नाही.

कापताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा, म्हणजे अक्षराची भिंत वर अरुंद आणि खाली रुंद राहते. पातं आत कललं तर अक्षर खालून पोखरलं जातं आणि पाच-सहा कार्डांनंतर तुटून पडतं. वळणावर सुरी फिरवू नका, सुरी स्थिर ठेवून खोडरबर फिरवा. देवनागरीत शिरोरेघ हा मोठा आधार आहे, कारण सगळी अक्षरं तिला टांगलेली असतात आणि शब्द एकसंध राहतो. अडचण येते अनुस्वाराची. तो सुटा ठिपका असतो आणि फारच लहान कोरला तर टिकत नाही. तो जरा मोठा, चौकोनी ठेवा, पुण्यातल्या-मुंबईतल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर असतो तसा. 'ठ', 'थ', 'ळ' ह्यांच्या आतली पोकळी सगळ्यात आधी कोरा, बाहेरचा भाग शेवटी. उलट केलंत तर अक्षराला धरायला काही उरत नाही.

जपानात खोडरबर कोरून ठसे करण्याचा छंद फार मोठा आहे. तिथल्या नान्सी सेकी नावाच्या टीव्ही-समीक्षक आपल्या लेखांसोबत कलाकारांचे चेहरे खोडरबरावर कोरून छापत असत. खोडरबरात किती बारीक काम होऊ शकतं ह्याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.


आज्जीचा_कप्पा

सर, फार सुंदर समजावलंत. माझ्या नातीला भेंडीचे ठसे इतके आवडले की आमच्याकडे पुढच्या भाजीला भेंडी राखून ठेवावी लागते.

पूर्वी आमच्या घरी संक्रांतीला तिळगुळाची छापील कार्डं येत असत, पाकिटात चार-पाच हलव्याचे दाणे घालून. पोस्टात ते चुरडले जायचे तरी आम्ही मुलं ते खायचो. ती पद्धत हाताने केलेल्या कार्डाच्या निमित्ताने परत येते आहे ह्याचा मनापासून आनंद आहे.


ठसेवाले

आमचं घराणं रबर स्टॅम्पच्या धंद्यातलं, म्हणून इथे लिहितोय. मराठी मजकुराचा ठसा गावातल्या कुठल्याही रबर स्टॅम्पवाल्याकडे होतो, फक्त मागायचं कसं ते माहीत हवं.

आमच्याकडे बहुतेक काम आता द्रव फोटोपॉलिमरवर चालतं. मजकुराची निगेटिव्ह फिल्म काढतात: बाकी सगळं काळं, अक्षरं पारदर्शक. ती काचेवर ठेवून वर पॉलिमरचा चिकट द्रव ओततात आणि अतिनील प्रकाश देतात. अक्षरांतून प्रकाश जातो तिथे द्रव घट्ट होतो, बाकीचा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन निघतो. मग पुन्हा एकदा प्रकाश देऊन पट्टी पक्की करतात. म्हणजे बाजारात जे महागडे पारदर्शक ठसे मिळतात, त्याच जातीचं हे काम. काही ठिकाणी लेझरने रबर कोरतात, तेही चांगलं येतं.

दुकानात गेल्यावर सांगा: "हँडल नको, सेल्फ इंकवालं नको, नुसती पॉलिमरची पट्टी द्या." हँडलच्या आणि पॅडच्या किमतीतून सुटका होते. एकाच पट्टीत सात-आठ मजकूर बसवून घ्या आणि घरी कात्रीने सुटे करा. प्रत्येक मजकुराचे वेगळे पैसे पडत नाहीत, पट्टीच्या आकाराचे पडतात. फाइल पूर्ण काळ्या रंगात, ६०० डीपीआयला द्या. करड्या छटा चालत नाहीत. फॉन्ट जाड निवडा. मुक्ता आणि बालू हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि ठशाला छान येतात. हस्ताक्षराचा भास हवा तर कलम घ्या, पण त्यातलं जाड वळण निवडा. चार मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मागू नका, रफार आणि उकार भरून जातात.

पट्टीच्या मागे ॲक्रिलिकचा चौकोनी ठोकळा लावा. पट्टीला स्वतःचा चिकटपणा नसेल तर दुहेरी टेप. ठसा धुवायला पाणी आणि सौम्य साबण पुरे. थिनर, पेट्रोल अजिबात नको. आणि उन्हात ठेवू नका. फोटोपॉलिमर प्रकाशानेच घट्ट होतो, ऊन लागत राहिलं की तो कडक आणि ठिसूळ होत जातो. डब्यात, अंधारात.


मोगरकळी

@ठसेवाले, ह्याच प्रतिसादासाठी धागा काढला होता असं म्हणते! एकाच पट्टीत सगळे मजकूर बसवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मी आता यादी करते: तिळगूळ, दिवाळी, वाढदिवस, बारसं, मुंज, डोहाळेजेवण, 'लवकर बरे व्हा' आणि नुसतं 'सप्रेम'. कोणाला आणखी काही सुचतंय का?


शाईदौत

'आठवण आली' हा एक ठेव. असं बिनप्रसंगाचं कार्ड मिळालं की माणूस जास्त खूश होतो.


वऱ्हाडातला_कागद

दसऱ्याला 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' पण ठेवा. आपट्याचं पान दोन गोल पाकळ्यांचं असतं, खोडरबरावर कोरायला अगदी सोपं. सोनेरी एम्बॉसिंग केलं की बघतच राहावं असं होतं.


नवशिकी

एम्बॉसिंग म्हणजे ती पावडर टाकून उष्णता देतात ते ना? माझ्याकडे हीट गन नाही. हेअर ड्रायरने होईल का?


वऱ्हाडातला_कागद

हेअर ड्रायरने होत नाही. त्याची हवा जोरात असते आणि उष्णता कमी. पावडर वितळायच्या आधी उडून जाते. हीट गनचा वारा मंद आणि ताप जास्त असतो. सुरुवातीला गन घ्यायची नसेल तर इस्त्री उलटी, पक्की टेकवून ठेवा आणि कार्ड चिमट्याने तिच्या थोडं वर धरा, म्हणजे उष्णता मागच्या बाजूने लागेल. लहान मुलं जवळ असतील तर हा प्रकार करू नका.

क्रम असा. कार्डावर आधी अगदी हलकी पावडर फिरवून घ्यायची, टाल्कम किंवा कॉर्नफ्लॉवर मलमलच्या पुरचुंडीत बांधून. त्याने हाताचा ओलावा आणि स्थिर विद्युत निघून जाते, नाहीतर एम्बॉसिंग पावडर भलतीकडे चिकटते. मग व्हर्सामार्कसारख्या रंगहीन, चिकट शाईने ठसा उठवायचा. लगेच पावडर भरपूर ओतायची, कागद वाकडा करून उरलेली परत बरणीत घ्यायची आणि मागून टिचकी मारायची. राहिलेले चुकार कण बारीक कोरड्या ब्रशने काढायचे. मग उष्णता. सुरुवातीला काही होत नाही असं वाटतं, आणि एकदम एका कोपऱ्यात खरखरीत पावडर तूप वितळावं तशी चमकू लागते. ती चमक जिथे पोचली तिथून गन पुढे सरकवत न्यायची. एका जागी थांबलात तर वितळलेली राळ कागदात मुरते, चमक जाते आणि तेलकट डाग दिसतो. चमक आली की तिथली उष्णता बंद.

बारीक रेघांच्या ठशाला पावडरही अतिबारीक घ्या. जाड दाण्याच्या पावडरीत अक्षरांच्या पोकळ्या बुजतात, मराठी मजकुरात तर हमखास.


डहाणूकाठी

वरच्या प्रतिसादाला धरून आमच्या भागातलं एक. गेरूच्या रंगाच्या कार्डावर पांढरं एम्बॉसिंग वारलीसाठी फार शोभतं. मूळ वारली चित्रं गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करून काढतात. कार्डावर करताना तारपा नृत्याचं वर्तुळ अख्खं एका ठशात घेण्यापेक्षा त्रिकोणी धडाची एक बाई, एक पुरुष एवढेच दोन लहान ठसे कोरा आणि एकेक उठवत वर्तुळ वाढवत न्या. प्रत्येक आकृती किंचित वाकडी बसते, त्यानेच चित्र जिवंत वाटतं.

एक कळकळीची विनंती. जिव्या सोमा मशे ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची किंवा दुसऱ्या कुणाची चित्रं जशीच्या तशी ठशावर उतरवून विकू नका. आपले विषय घ्या. संक्रांतीला पतंग उडवणारी माणसं काढा, हळदीकुंकवाला जमलेल्या बायका काढा.


हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते. इथे हा छंद फार पसरलेला आहे. डिस्ट्रेस शाई बनवणारी रेंजर कंपनी आमच्याच राज्यातली, टिंटन फॉल्सची. जोॲन नावाची क्राफ्टची मोठी साखळी २०२५ मध्ये पूर्ण बंद झाली तेव्हा आमच्या गटात सगळ्यांनाच हळहळ वाटली, कारण शिकाऊ माणसाला कागद हाताळून बघायची ती जागा होती. भारतातल्या मैत्रिणींना म्हणूनच सांगते, दुकानात जाऊन कागद बोटांनी चाचपून घेता येतो तोवर घ्या.

काळ्या कार्डावर पांढरी पिगमेंट शाई वापरणाऱ्या कोणी आहेत का? मला ती फार आवडते.


शाईदौत

@हडसनकाठ, मला नाही आवडत. ओली असताना पांढरीशुभ्र दिसते आणि वाळली की राखाडी होते. काळ्यावर पांढरं हवं तर रंगहीन शाई आणि पांढरी पावडर, दुसरा मार्ग नाही असं माझं ठाम मत.


हडसनकाठ

राखाडी होते हे खरं. पण मला तोच मऊपणा हवा असतो. चुलीचा धूर, चांदणं, पाटीवरची खडूची अक्षरं ह्यांना चमकणारं एम्बॉसिंग शोभत नाही. गडद पांढरं हवं असेल तेव्हा ठसा जागेवरून न हलवता दोनदा उठवते.

दोनदा उठवायला इथे चुंबकवाली ठसा-पाटी मिळते, पण घरी करता येते. दोन जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या काटकोनात एका पुठ्ठ्यावर चिकटवा, कार्ड त्या कोपऱ्यात घट्ट बसवा. वर ओएचपीची पारदर्शक शीट एका बाजूने टेपने बिजागरीसारखी लावा. ठसा कार्डावर पालथा ठेवून शीट त्यावर दाबली की तो शीटला चिकटतो. आता कितीही वेळा उघडा, शाई लावा, मिटा, ठसा त्याच जागी पडतो. चाळीस कार्डांवर मजकूर एकाच जागी हवा असेल तर ह्याच्याशिवाय करू नका.


मोगरकळी

दोघींचंही पटतंय, आणि माझ्याकडे दोन्ही प्रकारची कार्डं आहेत. मजकूर एम्बॉस आणि मागचं चित्र पांढऱ्या शाईचं असं एकत्र करून बघा, अक्षर उठून पुढे येतं.


गिरगावची_पेटी

हातकागदावर ठसे उमटवणाऱ्यांनी काही सांगा ना. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले होते, १९४० सालची संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद बघून हरखून गेले आणि भरपूर घेऊन आले. पण त्यावर शाई फुटते.


कलाशिक्षक_कोकण

@गिरगावची_पेटी, हातकागदाचा पोत खडबडीत असतो आणि काही कागदांत खळ कमी असते, त्यामुळे पातळ डाय शाई तंतूंच्या कडेने धावते. त्यावर पिगमेंट शाई वापरा, ती वरच बसते. ठसा ठळक आकारांचा घ्या, बारीक रेघा विसरा. ठसा जमिनीवर उताणा आणि त्यावर कागद, असं उलटं करून कागदाच्या मागून बोटांनी घासून पाहा. खड्ड्यांतही शाई पोचते. लाकडी ठसे असतील तर हा कागद त्यांच्यासाठीच आहे असं समजा. गुजरातेत पेथापूरला सागवानावर कापडछपाईचे ठसे कोरतात, तसे जुने ठसे कुठे मिळाले तर सोडू नका.

पूर्ण कार्ड हातकागदाचं करण्यापेक्षा हातकागदाचा फाडलेला तुकडा गुळगुळीत पायावर चिकटवला तर दोन्हींचा फायदा मिळतो. फाडताना पट्टीच्या कडेला ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि मग हलकेच ओढा, कडा पिसासारखी येते.


सागरी_वारा

आम्ही रत्नागिरीचे. पावसाळ्यात इथे सगळंच ओलसर. कार्ड वाकतात, पावडरीच्या गुठळ्या होतात, पिगमेंट शाई दोन दोन दिवस बोटाला लागते. काय करता?


वऱ्हाडातला_कागद

कागद आणि पावडरी हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. काम सुरू करायच्या आधी कागदावरून हीट गन एकदा फिरवून घ्या, मुरलेला ओलावा निघतो. चिकटवायला फेव्हिकॉल शक्यतो टाळा, त्यातल्या पाण्यानेच पातळ कागद लाटांसारखा होतो. दुहेरी टेप वापरा. फेव्हिकॉल लागणारच असेल तर कडेला अगदी बारीक ठिपके, आणि वर रात्रभर जाड पुस्तकं. दिवाळी-संक्रांतीची कार्डं मी पाऊस संपल्यावरच करायला घेतो.


शाईदौत

पॅड ठेवण्याचं राहिलं. फेल्टचे डाय पॅड पालथे ठेवा, शाई वरच्या बाजूला राहते. स्पंजचे पिगमेंट पॅड सरळच ठेवा.


सहज_वाचक

धागा आवडीने वाचतोय. एक प्रामाणिक प्रश्न. मोबाइलवर दोन मिनिटांत सुंदर शुभेच्छापत्र तयार होतं, छापूनही मिळतं. मग एवढी मेहनत का?


मोगरकळी

@सहज_वाचक, प्रश्न रास्त आहे. पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल ह्यांनी काढलं, तेही अनेकांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून. जॉन कॉलकॉट हॉर्सली ह्या चित्रकाराने ते काढलं, हजारभर प्रती छापल्या, आणि त्या छापल्यावर रंग मात्र हातानेच भरले. म्हणजे वेळ वाचवणं हे कार्डाच्या मुळातच आहे आणि छापील कार्डाला मी कमी लेखत नाही.

पण मी कार्ड करायला बसते तेव्हा तेवढा वेळ मी त्या एका माणसाचा विचार करत असते. मावशीला निळा आवडतो, भाच्याला पतंग हवाच, ज्या काकांचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांना झगमगाट नको. मोबाइलवरच्या चित्रातही हे करता येईल, माझ्याकडून होत नाही. शाई वाळायला जो वेळ जातो तो मला हवा असतो.


सहज_वाचक

पटलं. आईसाठी एक करून बघतो. साहित्य कुठे मिळेल, मुंबईत?


गिरगावची_पेटी

अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, पाकिटं, टेप घाऊक भावात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास क्राफ्टचं सामान. पुण्यात अप्पा बळवंत चौक. चांगल्या शाया मात्र बहुतेकदा ऑनलाइनच मागवाव्या लागतात. विकणाऱ्याचे जुने अभिप्राय वाचून घ्या, मला एकदा वाळलेला पॅड आला होता.


नवशिकी

सगळ्यांचे आभार. मी गावातल्या स्टॅम्पवाल्या काकांकडून 'तिळगूळ घ्या गोड गोड बोला'ची पट्टी करून आणली, मुक्ता फॉन्टमध्ये, पाच मिलिमीटर. अनुस्वार नाही, रफार नाही, त्यामुळे पहिल्याच वेळी स्वच्छ उठली! काळ्या कार्डावर पांढरी पावडर, कोपऱ्यात खोडरबराचा पतंग. आता कार्डात तिळगुळाची पुडी ठेवून पाठवायची आहे. कागदाला तेल लागेल का?


मोगरकळी

@नवशिकी, फोटो टाक बघू लगेच!

हो, तिळाचं तेल सुटतं आणि दोन-तीन दिवसांत कार्डावर डाग येतो. पोस्टाने जाणार असेल तर वडी नको, हलव्याचे दाणे घे. ते कोरडे असतात. बटर पेपरमध्ये बांधून वर लहान झिप पिशवी. पुडी एम्बॉसिंग केलेल्या बाजूवर येऊ देऊ नकोस, शिक्के मारताना दाबली गेली तर पावडरीचा थर तडकतो. कार्डाच्या आतल्या कोऱ्या बाजूला टेपने पक्की कर आणि मध्ये पातळ पुठ्ठा घाल. पाकीट जाड होईल, तेव्हा पेटीत न टाकता खिडकीवर वजन करून तिकीट लाव. आणि भोगीच्या निदान आठवडाभर आधी टाक.